तोंड लावून पाणी

ज्यांना खोकला आहे आणि दवाखान्यात जायला वेळ नाही, अशा बायांसाठी हे लिहिते आहे. वेळ मलाही नव्हता. सकाळचा सराव, शाळेचे तास, संध्याकाळचा सराव, मधल्या वेळात घर. कोणी मला "जरा बस" म्हटलं की मला राग येतो. लहानपणी आई म्हणायची, "हिच्या बुडाला इंगळी डसलीय." त्या इंगळीच्याच जोरावर मी जळकोटच्या शाळेतून निघून राज्याच्या बास्केटबॉल संघापर्यंत पोचले. गुडघा गेला तेव्हा गळ्यात शिट्टी अडकवली आणि तुळजापुरात मुलींना शिकवायला लागले. स्वस्थ बसणं हा विषय मात्र कायम नापासच राहिला.

मला टीबी झाला होता. आता बरी आहे. त्या काळात मला स्वतःच्या जिवाची भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त भीती एका पाण्याच्या बाटलीची वाटली. ती गोष्ट सांगायची आहे, म्हणून आधी खोकल्यापासून सुरुवात करते.

जुनी जर्सी

आमचं मैदान मुरमाचं. मुली पळायला लागल्या की धुरळा उठतो आणि नाकातोंडात जातो. तिथं सगळेच खोकतात. मीही खोकत होते. हळद घातलेलं दूध प्यायचं आणि शिट्टी वाजवायची, एवढाच माझा इलाज.

वजन उतरायला लागलं ते तर मला बक्षीसच वाटलं. ट्रंकेतून राज्य संघाची जर्सी काढली. लग्नानंतर ती कधी अंगात गेली नव्हती, आता सैल झाली. ती घालून मी मैदानावर गेले, मुलींसमोर पळत जाऊन, रिंगखाली उडी घेऊन दोन ले-अप मारले आणि दम लागला तो लपवायला उगीच बुटाची नाडी बांधत बसले. आमची कॅप्टन आलिया म्हणाली, "मॅडम, काय खाताय तुम्ही? मलापन सांगा." मी ऐटीत म्हणाले, "घाम गाळ, घाम." खरं तर मला जेवणच जात नव्हतं.

संध्याकाळी अंग तापायचं. ते बरोबर सरावाच्या वेळेला. मला वाटायचं, वॉर्म-अप छान झाला. खेळाडूंची ही खास चूक आहे. अंगाला काहीही झालं तरी आम्ही ते फिटनेसच्या खात्यात टाकतो.

मग एक दिवस शिट्टी तोंडातून काढली तर ऋतुजा जवळ आली. ऋतुजा आमची सगळ्यात चपळ गार्ड, बोलायला कमी. हळूच म्हणाली, "मॅडम, शिट्टीला रक्त लागलंय."

"हिरडीचं असंल," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं. तिनं आलियाला सांगितलं, आलियानं माझ्या नवऱ्याला फोन केला. मिलिंद एसटीच्या डेपोत कामाला आहेत. ते वर्दीतच घरी आले आणि म्हणाले, "उद्या धाराशिव. नाही म्हणायचं नाही."

निदानाचा दिवस

सरकारी दवाखान्यात थुंकी दिली, छातीचा फोटो काढला, बाकावर बसलो. बसलो म्हणजे मिलिंद बसले. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. एका म्हाताऱ्या आजोबांनी मला हटकलं, "आवं बाई, बसा की. तुमच्याकडं बघून मलाच दम लागायलाय."

डॉक्टर तरुण होत्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी कागद पाहिला आणि सरळ सांगितलं, "टीबी आहे. सहा महिने गोळ्या. पूर्ण बरा होतो."

मी विचारलं, "सराव कधीपासून घेता येईल?"

त्यांनी मास्क पुढे केला. "आधी हा लावा. आणि मला सांगा, बंद खोलीत तुमच्यासोबत कोण कोण असतं?"

मिलिंद घरातली माणसं सांगायला लागले. ते स्वतः, आमची आठ वर्षांची मुलगी मैत्री. माझ्या डोळ्यांपुढे मात्र शाळेतली चेंडूंची खोली आली. पत्र्याची, एक दार, खिडकी नाही. उन्हाचं मी मुलींना तिथं बसवायचे. फरशीवर खडूनं डाव काढायचे. बारा डोकी त्या खडूवर वाकलेली आणि मधे मी, ओरडत आणि खोकत. बाहेर क्रिकेटवाल्यांचा कालवा नको म्हणून दारही लावून घ्यायचे.

आणि त्यानंतर बाटली आठवली.

"आम्ही सगळ्या एकाच बाटलीनं पाणी पितो," मी म्हणाले. "तोंड लावून. माझा नियमच आहे तसा."

डॉक्टर म्हणाल्या, "भांड्यानं नाही होत हा. हवेतून होतो, खोकल्यातून. ती बंद खोली वाईट." मला नीट कळावं म्हणून त्यांनी हे दोनदा सांगितलं. तरी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात बाटलीच घुमत होती.

नियम कुठून आला

कॉलेजात असताना एका गावी स्पर्धेला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, सांगून काही साधत नाही. मुलींची सोय घराघरांत केली होती. आम्ही चौघी एका घरी. उन्हातून आलेलो, घसा कोरडा पडलेला. घरातल्या बाईंनी तिघींना पेल्यातून पाणी दिलं. मला आडनाव विचारलं. मग तांब्या उचलून म्हणाल्या, "ओंजळ कर."

त्यांनी वरून पाणी ओतलं. कोपरापर्यंत ओघळ आले. माझ्याबरोबरच्या तिघी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. आणि मी प्यायले. तहान लागली होती म्हणून प्यायले. त्याची चीड मला आजही येते, त्या बाईंची कमी आणि माझ्या तहानेची जास्त. दुसऱ्या दिवशी पहिल्याच क्वार्टरमध्ये इतकी आडदांड खेळले की बघता बघता पाच फाउल झाले आणि बाहेर बसावं लागलं.

पुढे माझ्या हातात संघ आला तेव्हा पहिला नियम हाच केला. एक मोठी स्टीलची बाटली. पहिला घोट कॅप्टनचा, शेवटचा माझा. तोंड लावून प्यायचं आणि कोणी पुसायचं नाही. एका वडिलांनी कुरकुर केली तर मी म्हणाले, "मग तिला खो-खोत घाला." चेंडू लागून लागून त्या बाटलीला पोचे पडले होते. लॉजवाल्याची मुलगी, पंक्चरवाल्याची मुलगी, मजुराची मुलगी, सगळ्यांची तोंडं तिला लागली. का, ते मी कोणाला कधी सांगितलं नाही. मुलींना वाटायचं, मॅडम चिंगूस आहेत.

आता त्याच बाटलीनं मी त्यांना आजार पाजला, असं मला वाटत होतं. डॉक्टरांचं म्हणणं कळत होतं, वळत नव्हतं.

वरची खोली

सुरुवातीचे काही आठवडे वरच्या खोलीत एकटीनं राहायचं होतं. मिलिंद आणि मैत्रीची तपासणी साफ निघाली, तरी मैत्रीला माझ्या आईकडे जळकोटला पाठवलं. जाताना तिनं खालूनच हात केला. मी खिडकीतून हसले आणि ती वळल्यावर रडले.

गोळ्यांनी पोटात ढवळायचं. सकाळचा चहासुद्धा ठरायचा नाही. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा मी अशी किंचाळले की मिलिंद अर्धी दाढी केलेले वर आले. दवाखान्यात हे सांगितलं होतं, पण माझं लक्ष कुठं होतं? ज्यांच्या गोळ्या सुरू होणार आहेत त्यांनी ध्यानात ठेवा: गोळीचाच रंग आहे तो, घाबरू नका. सांधेही दुखतात. माझा मोडका गुडघा तर जुन्या भाडेकरूसारखा पुन्हा येऊन बसला. डॉक्टरांना सांगा, मनानं गोळी बंद करू नका.

या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे बसून राहणं. मी चेंडू वर मागवला. खोलीत ड्रिबल करायला लागले. डावा हात, उजवा हात, पायांमधून. दहा मिनिटांत दम लागायचा, मग भिंतीला टेकायचं, मग पुन्हा. खालून मिलिंद ओरडायचे, "आहो, सिलिंग खाली येतंय!"

एका दुपारी त्यांचा संयम सुटला. जिन्यात उभं राहून म्हणाले, "सकाळपासून नुसतं मुलींची तपासणी झाली का, मुलींचं काय झालं. आपली पोरगी तिकडं आजीजवळ झोपेना, ते एकदा तरी विचारलं का?"

मी चेंडू दारावर हाणला. ते निघून गेले. खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला झोंबलं. मैत्रीचं नाव काढलं की मला सहन होत नव्हतं, म्हणून मी तिचं नावच काढत नव्हते.

संध्याकाळी ते स्वतःचं ताट घेऊन जिन्याच्या पायरीवर येऊन बसले. मी आत, दाराशी, माझं ताट घेऊन. मधे उघडं दार आणि वाहतं वारं. "मैत्रीनं तिथल्या कोंबडीला तुमचं नाव ठेवलंय," ते म्हणाले. "म्हणे, ही पण एका जागी थांबत न्हाय." त्या दिवसापासून आम्ही तसेच जेवलो, ते पायरीवर आणि मी दारात. आजारपणातलं मला गोड आठवतं ते एवढंच.

शेजारच्या काकू खालून रोज सांगायच्या, देवीला काहीतरी बोल. गाव देवीचं, त्यांचं सांगणं मायेचंच होतं. आमच्या घरात नवस-सायास आजोबांच्या काळापासून बंद झालेले. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "देवीला लई कामं हायत. तू तुझी गोळी गीळ."

ऋतुजाची आई

शाळेत आरोग्य खात्याची माणसं आली. सगळ्या मुलींचे फोटो काढले, हातावर तपासणीची सुई दिली. आलिया मला फोनवरून मॅचचं समालोचन केल्यासारखं सांगत होती. "मॅडम, अमकीचा फोटो साफ. तमकीचा साफ. माझाबी साफ, अम्मी खूश." शेवटी म्हणाली, "ऋतुजाचा फोटो साफ आहे, पण सुईची जागा लई सुजलीय."

याचा अर्थ मी डॉक्टरांना विचारला. अंगात जंतू शिरलेत, पण झोपलेत. आजार नाही. ते जागे होऊ नयेत म्हणून काही महिने गोळ्या घ्यायच्या. जंतू माझ्याकडूनच आले, असंही नाही. गर्दीचं गाव, रोज बसा भरून माणसं येतात, कोणाकडूनही आलेले असू शकतात. हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. मी फोन ठेवला आणि खोलीत इतक्या फेऱ्या मारल्या की पायाला गोळे आले.

दोन दिवसांनी ऋतुजाची आई आमच्या गल्लीत येऊन उभी राहिली. त्यांचा यात्रेकरूंचा छोटा लॉज आहे. मी मास्क लावून खिडकीत आले.

"मॅडम," त्या खालूनच म्हणाल्या, "माझी पोरगी घरात सख्ख्या भावाचं उष्टं खात न्हाय. तुमच्या हट्टापायी त्या बाटलीला तोंड लावत व्हती. आता बघा काय झालं."

"ताई, बाटलीनं होत नाही हा आजार."

"मग कशानं झाला?"

गर्दीवर ढकलता आलं असतं. डॉक्टरांनी तेवढी वाट ठेवली होती. पण ऋतुजानंच माझ्या शिट्टीवरचं रक्त पाहिलं होतं.

"माझ्या खोकल्यानं झालं असंल," मी म्हणाले. "त्या बंद खोलीत."

गल्लीतून एक रिक्षा आली, तिला त्यांनी वाट दिली. मग पदर सावरून म्हणाल्या, "आसं तोंडावर म्हननारं माणूस म्या पयल्यांदा बघितलं. पर पोरगी काय आता येनार न्हाय."

लिंबाखाली

थुंकी स्वच्छ आली, डॉक्टरांनी परवानगी दिली, मैत्री घरी आली आणि मी शाळेत. मैत्रीनं पहिल्या दिवशी माझ्या पाठीवरून हात फिरवून पाहिला आणि जाहीर केलं, "आई, तू टोचतेस." हाडं वर आली होती ना.

मैदानावर गेल्यावर पहिलं काम केलं ते चेंडूंच्या खोलीचं. आता तिथं फक्त चेंडू राहतात. डाव शिकवायचा तो लिंबाच्या झाडाखाली, मातीत काडीनं रेघा ओढून. क्रिकेटवाले कालवा करतात, करू देत.

लिंबाच्या बुंध्याशी बाटल्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. लाल, निळ्या, कार्टूनच्या, प्रत्येकीवर पट्टी आणि पट्टीवर नाव. घरच्यांनी दिलेल्या. माझ्याही पिशवीत माझी स्वतःची छोटी बाटली होती. पोचे पडलेली मोठी बाटली मी स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथी घालून ठेवली होती. डॉक्टरांनी तिला केव्हाच निर्दोष सोडलं होतं. शिक्षा मीच देत होते.

माझा गोळ्यांचा कोर्स संपायच्या सुमारास एका सकाळी ऋतुजाची आई मैदानावर आली. मागे ऋतुजा, मान खाली.

"हिच्या गोळ्या झाल्या," त्या म्हणाल्या. "आता घरात बसवना हिला. लॉजच्या भितीला चेंडू हाणायलीय. गिऱ्हाईक वरडायलंय माझ्या नावानं." मग मुलीच्या हातातली बाटली मला दाखवली. "पर पाणी हिचं हिच्याजवळ ऱ्हाईल."

"बरोबर आहे, ताई," मी म्हणाले. ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं. मी इतकं पटकन बरोबर म्हणेन, असं तिला वाटलं नव्हतं.

टाइम-आउट

जिल्ह्याचा अंतिम सामना धाराशिवला होता. दिवाळीनंतरचं ऊन, पण कडक. त्या दिवशी माझी छोटी बाटली मैत्रीनं शाळेत नेली होती, म्हणून मिलिंदनी फळीवरची मोठी भरून पिशवीत ठेवली. मला ती पिशवी उचलल्यावर वजनानं कळली. तरी मी ती तशीच बाकाखाली ढकलली.

शेवटच्या क्वार्टरमध्ये आम्ही चार गुणांनी मागे होतो. मी बाकावर टेकले नव्हते, रेघेला लागून फेऱ्या मारत होते. टाइम-आउट घेतला. मुली धावत आल्या. ऋतुजानं आपली बाटली उलटी केली, थेंब नाही. बाकीच्यांच्याही रिकाम्या. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मॅडम, पाणी."

मी मोठी बाटली काढली, झाकण उघडलं. माझा हात आपोआप वर गेला. कोपर उंच, बाटली तिरकी, तिच्या तोंडापासून हातभर लांब.

"ओंजळ कर," मी म्हणाले.

शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला आणि मला माझाच हात दिसला. त्या घरातल्या बाईंचा हात असाच होता. मी तशीच उभी राहिले, बाटली वर धरून. ओतताही येईना आणि खालीही घेता येईना.

ऋतुजाला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं आपले तळवे पाहिले, चेंडूच्या धुळीनं काळे झालेले. "हात घाण आहेत, मॅडम," ती म्हणाली. तिनं माझ्या हातातून बाटली काढून घेतली, तोंड लावलं आणि डोळे मिटून घटाघटा प्यायली. मग न पुसता आलियाकडे दिली. आलिया हसली. "पयला घोट कॅप्टनचा असतो गं, बावळट," म्हणाली आणि प्यायली. बाटली फिरली.

ऋतुजाची आई समोरच्या पायरीवर बसली होती. त्यांनी पाहिलं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या पदरानं वारा घेत होत्या, तशाच घेत राहिल्या. मग हात उंच करून ओरडल्या, "मॅडम, पोरींना कायतरी सांगा की! टायम चाललाय!"

मी काय सांगितलं ते आठवत नाही. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो, ती गोष्ट पुढची. पंचांनी शिट्टी वाजवली, मुली मैदानाकडे वळल्या, ऋतुजा मात्र जागची हलेना. बाटली तिच्या हातात होती, तळाशी थोडं पाणी हलत होतं.

"जा की," मी म्हणाले.

"शेवटचा तुमचा असतो," ती म्हणाली. "तुम्ही प्या, मग जाते."

पंच दुसऱ्यांदा शिट्टी वाजवत होते. मी बाटलीला तोंड लावलं.